खेळणे : एका शब्दाची वाटचाल

वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथात संस्थेचा इतिहास, देणगीदारांचे स्मरण आणि थोर साहित्यिकांच्या भेटी यांना मानाचे स्थान असणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने फारच लहान, अगदी रांगत्या मुलाच्या उंचीचा आहे. 'खेळणे' या शब्दाविषयी, त्याच्या सोयरेधायरे शब्दांविषयी आणि ज्या इंग्रजी शब्दाने आज त्याची जागा घ्यायला सुरुवात केली आहे त्या 'टॉय' या शब्दाविषयी चार गोष्टी येथे मांडावयाच्या आहेत. विषय लहान असला तरी क्षुल्लक नाही. मूल भाषा शिकते ते ग्रंथांतून नव्हे, तर हातातल्या वस्तूतून. खुळखुळा वाजतो आणि त्याबरोबर 'खुळखुळा' हा शब्दही वाजतो. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, हिंदीच्या भर प्रदेशात मराठी टिकवून धरणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

इंग्रजी शब्दाचे कुळ

प्रथम पाहुण्याची चौकशी करू. 'टॉय' हा आज इंग्रजीतला अत्यंत साधा, पोरासोरांच्या तोंडचा शब्द आहे; पण त्याचे मूळ निश्चितपणे सांगता येत नाही, असे इंग्रजी कोशकारच म्हणतात. चौदाव्या शतकात तो एखाददुसऱ्या ठिकाणी दिसतो तो शृंगारिक चेष्टा, लाडीगोडी या अर्थाने. सोळाव्या शतकात तो एकदम रूढ होतो आणि तेव्हा त्याचा अर्थ असतो थट्टा, लहर, क्षुल्लक वस्तू, कवडीमोल जिन्नस. मुलांनी खेळावयाची वस्तू हा अर्थ त्याला चिकटतो तो त्या शतकाच्या उत्तरार्धात. शेक्सपिअरच्या नाटकांत हा शब्द भेटतो तेव्हा तेथे बाहुली किंवा भोवरा शोधू नये. बहुतेक ठिकाणी तेथे पोकळ कल्पना किंवा तुच्छ गोष्ट असाच भाव आहे. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ सालच्या प्रसिद्ध कोशातही 'क्षुल्लक विक्रीची वस्तू' हा अर्थ आधी आणि 'खेळण्याची वस्तू' हा अर्थ नंतर दिलेला आहे.

काही विद्वान या शब्दाचा संबंध डच भाषेतील 'टाउख' आणि जर्मन भाषेतील 'त्सॉइग' या शब्दांशी जोडतात. त्यांचा अर्थ साहित्य, सामानसुमान, हत्यार असा आहे. जर्मनमध्ये खेळण्याला 'श्पीलत्सॉइग', म्हणजे शब्दशः 'खेळाचे सामान' म्हणतात. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही. पण अर्थाच्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. अठराव्या शतकात बर्मिंगहॅम शहरात 'टॉय'चा मोठा धंदा चाले आणि एडमंड बर्क याने त्या शहराला युरोपचे 'टॉयशॉप' म्हटले होते. ते वाचून आपल्या डोळ्यांपुढे लाकडी घोडे आणि बाहुल्या उभ्या राहतील. पण तेथे तयार होत होती बुटांची बक्कले, बटणे, तपकिरीच्या डब्या आणि असेच धातूचे किरकोळ सामान. हे सामान करणारा कारागीर 'टॉयमेकर' म्हणवला जाई आणि त्याचे गिऱ्हाईक चांगले प्रौढ गृहस्थ असत.

म्हणजे इंग्रजी शब्दाची वाटचाल तुच्छतेकडून बालपणाकडे झालेली आहे. आधी 'किरकोळ वस्तू' आणि मग 'किरकोळ म्हणून मुलांना देण्यासारखी वस्तू'. आजही त्या भाषेत एखाद्या गोष्टीला 'टॉय' म्हटले की ती खरी नाही, कामाची नाही, असा सूर लागतोच.

खेळणे, लाटणे आणि उलथणे

मराठीची रीत वेगळी आहे. 'खेळणे' हे आपल्याकडे क्रियापद आहे आणि नामही आहे. हे नाम ज्या घडणीचे आहे, त्याच घडणीची नामे आपल्या स्वयंपाकघरात हारीने लागलेली दिसतील : लाटायचे ते लाटणे, उलथायचे ते उलथणे, गाळायचे ते गाळणे, कान कोरायचे ते कानकोरणे. त्याचप्रमाणे खेळायचे ते खेळणे. येथे तुच्छतेचा लवलेशही नाही. लाटणे हे जसे पोळी लाटणारीचे साधन, तसे खेळणे हे खेळणाऱ्याचे साधन. मराठीने मुलाच्या उद्योगाला आईच्या उद्योगाच्या पंक्तीला बसवले आहे.

ही घडण मुळात संस्कृताची. संस्कृतात खेळण्याला 'क्रीडनक' असा शब्द आहे. 'क्रीड्' म्हणजे खेळणे या धातूला साधनवाचक प्रत्यय लागून तो सिद्ध झाला. आपले 'खेळणे' मात्र 'खेल्' या दुसऱ्या धातूवरून प्राकृताच्या वाटेने आले. या धातूचा संस्कृतातला अर्थ हलणे, डोलणे असाही आहे. 'क्रीडनक'मधला शेवटचा प्रत्यय आणि 'खेळणे'मधला 'णे' हे मात्र एकाच वंशाचे. 'क्रीडनक' हा शब्द पंडितांच्या पोथीत राहिला. 'खेळणे' पाळण्यापाशी राहिले.

भारतातील इतर भाषाही बहुधा हीच रीत पाळतात. हिंदीचे 'खिलौना' आणि बंगालीचे 'खेलना' हे आपल्या शब्दाचे सख्खे भाऊबंद. गुजराती 'रमकडुं' हे 'रमवुं', म्हणजे खेळणे, यावरून आले. कानडीत 'आट' म्हणजे खेळ, त्यावरून 'आटिके'. फार्सीतील 'बाझीचा' म्हणजे 'बाझी', खेळ, याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून झालेला शब्द. 'बाग'वरून 'बगीचा' व्हावा तसा. आपण 'बाजी मारली' म्हणतो ती बाजी हीच. फ्रेंच भाषेतही खेळण्याचे नाव खेळण्याच्या क्रियेवरूनच पडलेले आहे. या मेळाव्यात इंग्रजी शब्द जरा एकटाच पडतो.

मराठीत तुच्छता दाखवायची नसते असे मात्र कोणी समजू नये. 'पोरखेळ', 'खेळखंडोबा', 'हातचे बाहुले' हे शब्द आपण चांगल्या धारेने वापरतो. परंतु ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही तुच्छता मोठी माणसे पोरासारखी वागू लागली म्हणजे त्यांच्या वाट्याला येते. मुलाच्या हातातील खेळण्याला ती शिवत नाही.

दोन नाटके, दोन खेळणी

खेळण्याला आपल्या वाङ्मयाने किती मान दिला हे पाहावयाचे असेल, तर दोन संस्कृत नाटकांची आठवण पुरेशी आहे. दोन्ही मराठी रंगभूमीवर गाजलेली आहेत. एक अण्णासाहेब किर्लोस्करांमुळे १८८०पासून आणि दुसरे गोविंद बल्लाळ देवलांमुळे.

'शाकुंतला'च्या सातव्या अंकात छोटा सर्वदमन सिंहाच्या छाव्याला त्रास देत असतो. त्याने छाव्याला सोडावे म्हणून तापसी त्याला दुसरे क्रीडनक देऊ करते आणि रंगवलेला मातीचा मोर आणला जातो. या पक्ष्याचे, म्हणजे 'शकुंता'चे, लावण्य पाहा, असे ती म्हणते. 'शकुन्तलावण्य' या जोडाक्षरांत मुलाला आपल्या आईचे नाव ऐकू येते आणि तो आई कुठे आहे म्हणून पाहू लागतो. शेजारी उभ्या असलेल्या दुष्यंताला या मुलाच्या आईचे नाव कळते ते असे. ज्या राजाची स्मृती शापामुळे गेली, त्याला आपल्या संसाराचा धागा पुन्हा हाती लागतो तो एका मातीच्या मोरामुळे आणि एका बालिश श्लेषामुळे.

दुसरे नाटक तर खेळण्याच्या नावाने ओळखले जाते. 'मृच्छकटिक' म्हणजे मातीची गाडुली. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळलेला असतो. ती परत गेल्यावर दासी त्याला मातीची गाडी करून देते आणि तो रडू लागतो. वसंतसेना आपले दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते व याची सोन्याची गाडी कर म्हणून सांगते. पुढे तेच दागिने न्यायसभेत विदूषकाच्या जवळून खाली पडतात आणि चारुदत्ताला सुळापर्यंत नेतात. मातीची गाडी रिकामी असताना निरुपद्रवी होती. तिच्यात सोने पडले आणि ती जीवावर उठली. हे सारे घडते उज्जयिनीत. हीच उज्जयिनी पुढे शिंद्यांची राजधानी झाली आणि राज्य विलीन होईपर्यंत ग्वाल्हेर संस्थानात होती, याचे स्मरण आपल्या सभासदांना करून देण्याची गरज नाही.

बाहुली

सर्व खेळण्यांत बाहुली श्रेष्ठ. अमरकोशात वस्त्र, हस्तिदंत इत्यादींच्या केलेल्या पुतळीला 'पांचालिका' आणि 'पुत्रिका' अशी नावे दिलेली आहेत. 'पुत्रिका' म्हणजे लहानगी मुलगीच. प्राकृत कोशांत याच अर्थाचा 'बाउल्ली' हा शब्द नोंदलेला आहे आणि तो आपल्या बाहुलीच्या किती जवळचा आहे, हे सांगायला नको.

डोळ्याच्या मध्यभागी असलेल्या काळ्या ठिपक्यालाही आपण बाहुलीच म्हणतो. हिंदीत 'पुतली' या एकाच शब्दाचे हे दोन्ही अर्थ आहेत. संस्कृत 'कनीनिका' म्हणजे डोळ्यातील बाहुली आणि लहान मुलगीही. लॅटिनमध्ये 'पुपिल्ला' या शब्दाची हीच कथा, आणि इंग्रजीने डोळ्यासाठी तोच शब्द उचलला. प्राचीन ग्रीकांचा 'कोरे' हा शब्दही मुलगी आणि डोळ्यातील बाहुली अशा दोन्ही अर्थी येतो. हा योगायोग नाही. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जवळून पाहिले की आपलेच चिमुकले रूप तेथे दिसते. ते पाहून निरनिराळ्या देशांतील माणसांनी स्वतंत्रपणे किंवा एकमेकांचे ऐकून त्याला बाहुली म्हटले. भाषाशास्त्रातील हे एक मोठे गोड प्रकरण आहे.

लाकडाच्या बाहुलीला आपल्याकडे 'ठकी' म्हणत. ठकी हे जुन्या घरांतील मुलीचेही लाडके नाव. इंग्रजीतील 'डॉल' हा शब्दही 'डॉरथी' या मुलीच्या नावाच्या लाडक्या रूपावरून आलेला आहे. म्हणजे दोन्हीकडे मुलीचे नाव बाहुलीला मिळाले. सावंतवाडीची लाखकाम केलेली लाकडी खेळणी सर्वांना ठाऊक आहेत. ती रंगवणारे ते चितारी आणि त्यांच्या वस्तीची ती चितारआळी. पुण्या-कोल्हापूरकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या मावळ्यांना आणि वाघांना 'चित्रे' म्हणतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. तेलुगू भाषेत 'बोम्म' या शब्दाचे बाहुली आणि चित्र असे दोन्ही अर्थ होतात, ते याच जातीचे. आपल्या ग्वाल्हेरातही कापडी बाहुल्यांची परंपरा आहे. 'बत्तोबाईच्या बाहुल्या' या नावाने त्या बाहेरगावीही ओळखल्या जातात. जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर हे गावही लाखेच्या लाकडी कामासाठी नावाजलेले आहे.

खेळणे कोठे संपते आणि देव कोठे सुरू होतो, हे मात्र नेहमीच सांगता येते असे नाही. १९७४ साली अहमदनगर जिल्ह्यात, ज्याचे नाव आता अहिल्यानगर आहे, दायमाबाद येथे बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा काशाच्या वस्तू सापडल्या. त्यांना चाके आहेत. मग ती खेळणी की पूजेतील वाहने? अभ्यासकांत यावर वाद झाला. आपल्या घरातही हा वाद रोज सुटत असतो आणि तो सोडवण्याचे काम एक मराठी क्रियापद करते. आपण भातुकली मांडतो, खेळ मांडतो, पूजा मांडतो आणि संसारही मांडतो. चारही ठिकाणी शब्द एकच, 'मांडणे'. विदर्भ-खानदेशात मुली भुलाबाईची मातीची मूर्ती मांडून महिनाभर गाणी म्हणतात आणि कोजागिरीला तिला निरोप देतात. त्यात खेळ किती आणि पूजा किती, हे त्या मुलींना विचारावे. त्यांना प्रश्नच कळणार नाही.

दोन भाषांच्या अंगणात

ग्वाल्हेरच्या मराठी घरातील मुलाची गोष्ट थोडी निराळी. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१०च्या सुमारास येथे स्थिरावली, छावणीचे 'लष्कर' हे शहर झाले, आणि तेव्हापासून आपली मुले दोन भाषांच्या अंगणात खेळत आली. घरात चेंडू, गल्लीत गेंद आणि शाळेत बॉल. एका वाटोळ्या वस्तूसाठी तीन शब्द. आणि त्यांचे मूळही तीन दिशांचे. 'गेंद'चे नाते संस्कृत 'कंदुक-गेंदुक' यांच्याशी, तर 'चेंडू' हा दक्षिणेचा. कानडीत तो 'चेंडु' म्हणूनच नांदतो. मराठी माणूस ग्वाल्हेरला येताना कृष्णा-गोदावरीच्या काठचे कानडी-तेलुगू शेजाराचे संस्कारही बरोबर घेऊन आला, याचा हा लहानसा पुरावा.

'खिलौना' या हिंदी शब्दाची एक गंमत येथे राहणाऱ्यालाच पूर्णपणे कळेल. हिंदीत 'खिलाना' म्हणजे खेळवणे आणि 'खिलाना' म्हणजे खाऊ घालणेही. शेजारीण बाळाला 'खिलाने' घेऊन गेली म्हणजे तिने त्याला खेळवले की भरवले, हे तो परत आल्यावर त्याच्या तोंडाकडे पाहूनच कळायचे. मराठीतील 'ळ'ने आपल्याला या घोटाळ्यापासून वाचवले आहे. परंतु ग्वाल्हेर-आग्र्याकडे दिवाळीला लक्ष्मीपूजनात खील, बताशे आणि 'खिलौने' ठेवतात. हे खिलौने साखरेचे हत्ती-घोडे असतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांची सोंड व शेपूट मुलांच्या पोटात जाते. खेळणे आणि खाऊ तेथे खरोखरच एक होतात. आपल्याकडेही असे झालेले आहे. 'भातुके' हा जुन्या मराठीतील खाऊचा शब्द. माहेराहून येणाऱ्या भातुक्याची वाट पाहणे संतांच्या अभंगांतही आहे. खाऊच्या या भातुक्याशी भातुकलीचे नाते उघड आहे. चुरमुरे आणि गूळ नसेल तर भातुकली कसली?

नवरात्रानंतरच्या दिवसांत ग्वाल्हेरच्या गल्ल्यांतून मुले टेसू घेऊन दारोदार फिरत आणि मुली छिद्रे पाडलेल्या मडक्यात दिवा लावून झाँझी मिरवीत. शरद पौर्णिमेला त्या दोघांचे लग्न लागे. त्याच दिवसांत लष्करातील मराठी वाड्यांत मुली पाटावर हत्ती काढून भोंडला खेळत. कित्येक घरांतील मुलांनी दोन्ही खेळ खेळले. एका खेळाने दुसऱ्याला हाकलले नाही, कारण दोघांचे शब्द, दोघांची गाणी आणि दोघांचे दिवस घरातल्या मोठ्यांना पाठ होते.

महाराजांची आगगाडी

'टॉय' या शब्दाचे ग्वाल्हेरशी असलेले सर्वांत प्रसिद्ध नाते मात्र रुळांवरून धावते. जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहात चांदीची छोटी आगगाडी आहे. लांबलचक मेजावर बसवलेल्या रुळांवरून ती फिरे आणि पाहुण्यांपुढे मद्य व चिरूट नेई. कोणी तिच्यातून सुरई उचलली की गाडी तेथेच थांबे, असे सांगतात. राजवाडा १८७४ साली जयाजीराव शिंद्यांनी बांधला; आगगाडीचे वेड त्यांचे चिरंजीव माधवराव महाराज यांचे. पाहुण्यांचे डोळे दिपवणारी ही गाडी आजही संग्रहालयात पाहावयास मिळते आणि लहान मुले काचेला नाक लावून तिच्याकडे पाहतात.

परंतु याच महाराजांच्या हौसेतून दुसरी एक छोटी गाडी जन्मली. दोन फूट रुंदीच्या रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे. १८९९ साली लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि १९०९ साली तिची एक शाखा श्योपूरपर्यंत पोहोचली. सुमारे दोनशे किलोमीटरचा तो अरुंद मार्ग. पर्यटकांच्या पुस्तकांत तिला 'टॉय ट्रेन' म्हणत. पण तिच्यात बसणाऱ्यांनी तिला कधी खेळणे मानले नाही. चंबळच्या खोऱ्यातील शेतकरी, दूधवाले, कचेरीला येणारे लोक, परीक्षेला निघालेली मुले या गाडीच्या डब्यात आणि जागा नसेल तर टपावरही बसून शहरात येत. प्रवासाला जवळजवळ सारा दिवस लागे. मार्च २०२०मध्ये ती थांबली आणि मग रुंद रुळांचे काम हाती घेण्यात आले. ती पुन्हा धावली नाही.

या दोन गाड्या शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. चांदीची गाडी मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी केलेले खेळणे. बर्मिंगहॅमच्या जुन्या अर्थाने तिला 'टॉय' म्हणणे अगदी योग्य. दुसरी गाडी केवळ आकाराने लहान. तिने एकशेवीस वर्षे प्रामाणिकपणे ओझे वाहिले. तरीही इंग्रजी शब्दाने दोघींना एकाच मापाने मोजले, कारण त्या शब्दाच्या लेखी लहान म्हणजे किरकोळ. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली मुलांसाठी छोटी आगगाडी सुरू झाली तेव्हा तिचे नाव ठेवले गेले 'फुलराणी'. मुलांच्या गाडीला मराठीने काय म्हणावे, याचा तो नमुना आहे.

वाचनालयाचे काम

आता मुद्द्याची गोष्ट. पदव्युत्तर वर्गात एकदा 'पांगुळगाडा' हा शब्द आला. मराठी घरांतून आलेली मुले वर्गात होती. पण शब्दाचा अर्थ सांगता आला तो एकीलाच, तिच्या आजीमुळे. बाकीच्यांना 'वॉकर' ठाऊक होता. भोवरा ठाऊक होता, पण तो 'भ्रमर', म्हणजे भुंगा, या शब्दावरून आला आणि छत्तीसगढीत तो आजही 'भौंरा' आहे, हे सांगितल्यावर त्यांना नवल वाटले. भिरभिरे, पिपाणी, सागरगोटे, लगोरी, विटीदांडू, चिंचोके, कवड्या यांतील वस्तू हातातून गेल्या आणि पाठोपाठ शब्द तोंडातून गेले. ज्याला त्याला आता 'टॉय' म्हणायचे. आणि मोबाइलच्या काचेवर जे दिसते, त्याला 'गेम'.

नवी खेळणी येऊ नयेत, असे म्हणणे वेडेपणाचे होईल. सर्व काळी नवी खेळणी आलेली आहेत. गंजिफाही परदेशातूनच आला आणि सावंतवाडीने त्याला आपला केला. इंग्रजी शब्द घेण्यालाही हरकत नाही. बॉल आणि बॅट यांना कोणी अडवलेले नाही. हानी होते ती अन्य ठिकाणी. दहा वस्तूंची दहा नावे जाऊन त्या जागी एकच नाव आले की मुलाची भाषा दहा पटींनी बोथट होते. खेळणे आणि लाटणे यांच्यातील नाते त्याला कळत नाही. बाहुली आणि डोळ्यातील बाहुली यांच्यातील नाते कळत नाही. घरात मराठी बोलली जाते, पण ती मोठ्यांची, सूचनांची आणि आज्ञांची : जेव, नीज, अभ्यास कर. खेळाची मराठी संपली म्हणजे आनंदाची मराठी संपली, आणि जी भाषा केवळ आज्ञेसाठी उरते, तिच्यात मूल मोठेपणी परत येत नाही. महाराष्ट्रात रस्ता, शाळा, दुकान या ठिकाणी ही झीज भरून निघण्याची थोडी तरी आशा आहे. येथे घराबाहेर पडले की तो आधार नाही. जे घरात गेले, ते गेलेच.

राजकवी भा. रा. तांबे यांच्या या नगरीत मराठीचा अभिमान कमी नाही. व्याख्यानमाला होतात, नाट्यप्रयोग होतात, गणेशोत्सवही होतात. या सर्वांना अभिमानाचा आधार आहे. सवयीचा आधार मात्र लहान मुलांच्या खेळण्यांतच असतो. लॅटिन भाषेत 'लूडुस' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, खेळ आणि प्राथमिक शाळा. ग्रीकमध्ये खेळ आणि शिक्षण या दोहोंचे शब्द मुलाच्या वाचक शब्दापासूनच निघालेले आहेत. प्राचीनांना जे कळले होते ते आपल्या बालविभागाने मनावर घेण्यासारखे आहे.

मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रथम निघाला व १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाला, कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' १९४६चा. खेळांच्या व खेळण्यांच्या शब्दांचा फार मोठा साठा या ग्रंथांत सुरक्षित आहे. पण ग्वाल्हेरच्या मराठी घरांत वापरले गेलेले, अर्धे दक्षिणेचे व अर्धे बुंदेलखंड-व्रजाचे शब्द या कोशांत नाहीत. कोशकार त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. ते केवळ आपल्या आजी-आजोबांच्या स्मरणात आहेत.

म्हणून सभासदांना व हितचिंतकांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. शताब्दीच्या वर्षात वाचनालयाच्या टेबलावर एक जाड वही ठेवावी. ज्याला जे आठवेल ते त्याने तीत लिहावे : खेळण्याचे नाव, ते कशाचे असे, कोठून मिळे, त्याच्याशी कसे खेळत, हरल्यावर काय म्हणत आणि भांडण झाल्यावर काय म्हणत. शब्द शुद्ध की अशुद्ध, मराठी की हिंदी, याची चिंता लिहिणाऱ्याने करू नये. ते काम पुढच्या अभ्यासकाचे. ज्यांचा हात आता थरथरतो, त्यांच्याकडे एखाद्या नातवंडाने वही घेऊन जावे आणि त्यांनी सांगितलेले लिहून घ्यावे. त्या निमित्ताने नातवंडाच्या कानावर तो शब्द एकदा तरी पडेल, आणि शक्य झाल्यास त्याच संध्याकाळी आजोबांनी त्याला सुतळी गुंडाळून भोवरा फिरवून दाखवावा.